कच्चा अर्थ

उलानबातरच्या उत्तर टोकाला, जुन्या टायरांच्या बाजारामागे
एका निळ्या कंटेनरमध्ये ओदगेरेलचं दुकान.
आज उणे एकवीस.
स्क्रू दातात धरायची सवय ती ऑक्टोबरातच सोडते,
ओठाला चिकटतात.

लुव्सान आला तो तक्रार करतच.
त्याची डेलिका जपानी, उजव्या हाताची, हा चौथा मालक.
जुना नकाशा शेवटपर्यंत माहेरीच राहिला.
आरवायखेरच्या वाटेवर एक बाई गोड आवाजात
काहीबाही सुचवायची, आणि पडद्यावर गाडीचा बाण
भर समुद्रात.
तीन वर्षं समुद्रातूनच तो मेंढ्यांची कातडी वाहत होता.
त्याचं त्याला काही नव्हतं.

पण भाच्याने नवं यंत्र बसवून दिलं
आणि तेव्हापासून ही शिट्टी.
पाय दाबला की चढते, उचलला की उतरते.
"चारशे तीस किलोमीटर," लुव्सान म्हणाला,
"डोक्यावर किटली उकळत ठेवून ये एकदा."

ओदगेरेलने डॅशबोर्डचं तोंड उघडलं.
पिवळी, लाल, निळी, सगळ्या आपापल्या जागी.
काळी तार मात्र एका रंगवलेल्या पट्टीवर कसलेली.
तिने बोटाने हलवून पाहिली. हलेना.
मीटर लावला. मीटर गप्प.

"अर्थ कच्चा आहे."

गाडीला जमीन ठाऊक नसते.
चार रबरांवर ती कायम अधांतरी,
आणि तरी प्रत्येक तारेला कुठेतरी टेकायचं असतं.
मग ती स्वतःच्याच अंगाला जमीन मानते.
तेवढ्यावर दिवे लागतात, भोंगा वाजतो,
बाई डावीकडे वळा म्हणते.

पॉलिश पेपर.
वरचा पांढरा रंग, खाली करडा,
त्याखाली कुणा पहिल्या मालकाने मारलेला हिरवा
(हा कुठून आला? लुव्सानलाही माहीत नव्हतं),
आणि मग रुपयाएवढं उघडं लोखंड,
मांजराच्या डोळ्यासारखं चमकलेलं.
त्यावर कडी, दातेरी वॉशर, बोल्ट.
मीटर किंचाळला.

इंजिन चालू. पाय दाबला.
शिट्टी नाही.
इतकी नाही की हीटरची फडफड ऐकू आली,
शेजारच्या कंटेनरमधलं कुणाचं खोकणं,
आणि लुव्सानचा श्वास, जो जरा घरघरत होता.

"आता ती हिरवीपण तिथेच लाव," तो म्हणाला.

हिरवी तार हँडब्रेकची.
ब्रेक ओढला की तिला अर्थ मिळतो,
तेव्हाच पडदा चित्र दाखवतो.
तिला कायमची जमीन दिली
तर यंत्र धरून चालतं की गाडी उभी आहे.
नव्वदच्या वेगात, बर्फावर, उतारावर, उभी आहे.
बाजारात सगळे तसंच लावून देतात.
दोन मिनिटांचं काम, पैसे वेगळे.

ओदगेरेलने तार बोटाभोवती गुंडाळली.
भाऊ तिचा ट्रक चालवायचा. त्याच्या पडद्यावर कुस्ती होती,
नंतर गाडी उचलली तेव्हाही चालू होती.
हे ती बोलली नाही.
म्हणाली, "थांब, मग बघ."
"रस्त्यात कोण थांबतं?"
"लघवीला थांबतोसच ना?"
लुव्सान हसला, शिव्या दिल्या, पैसे दिले.

खिंडीतल्या दगडांच्या राशीपाशी,
जिथे निळ्या चिंध्या वाऱ्यात कडक होऊन वाजतात,
त्याने गाडी बाजूला घेतली. ब्रेक ओढला.
कट्.
पडदा उजळला: धुळीचा लोट, घोडे,
सातव्या नंबरावर त्याचा नातू, टोपी मानेवर घसरलेली.
आवाज स्वच्छ. टापा वेगवेगळ्या मोजता येतील इतका.
लुव्सानने शर्यत संपेपर्यंत पाहिली,
निकाल माहीत असून.

मग खाली उतरून राशीवर एक दगड ठेवला.
ब्रेक सोडला. घोडे गेले.
बाण रस्त्यावर होता.